‘बस’ कोण म्हणालं?

१

मेलेला पोरगा जमिनीवर होता आणि त्याच्या शेजारचा धावपट्टा पुसून लख्ख केलेला होता. खोलीभर फिनेलचा वास. माणूस मेल्यावर कुणाला आधी यंत्र पुसायचं सुचतं, ते मला अजून कळलेलं नाही. पोराच्या तोंडावर टॉवेल टाकला होता आणि त्या टॉवेलवर एका पेयाची जाहिरात छापली होती: ‘धावा बिनघोर!’

मी पोलिसांची डॉक्टर. मेलेल्यांची मला किळस येत नाही, ते बिचारे खोटं बोलत नाहीत. जिवंतांची येते. त्या दिवशी ती संस्थेच्या दारातच आली आणि पुढे वाढतच गेली.

“बाई, साधं प्रकरण आहे,” फौजदार म्हणाला. त्याला सगळीच प्रकरणं साधी वाटतात. “पळता पळता हार्ट फेल. तुम्ही फक्त सही करा.”

संस्था खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करणारी. धावपटूला पट्ट्यावर चढवायचं, पार दमेपर्यंत पळवायचं, आणि पळण्याआधी व पळल्यानंतर त्याचं रक्त काढून हृदयाची सोनोग्राफी करायची. माणूस मर्यादेबाहेर दमला की हृदयाचा पंप काही काळ ढिला पडतो आणि शरीरात एक प्रकारचा गंज चढतो. लोखंडाला चढतो तसाच, प्राणवायूमुळेच. हा गंज एका बाटलीबंद पेयानं रोखता येतो का, हे तिथे तपासत होते. अर्ध्या खेळाडूंना पेय मिळे, अर्ध्यांना तसंच दिसणारं रंगीत पाणी. कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत कुणालाच कळता कामा नये, असा नियम.

पोराला मैदानावर सगळे ‘टोळ’ म्हणत. पाय होतेच तसे, लांबच लांब. शवविच्छेदनात कुठलंही औषध सापडलं नाही, जुना आजार सापडला नाही. हृदय मात्र धुऊन पिळून टाकलेल्या कपड्यासारखं गळालेलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चिमट्याचे वळ होते आणि खालचा ओठ आतून फाटला होता. जखमेत काळ्या रबराचा कण होता.

मी सही केली नाही.

२

संस्थेच्या प्रमुखाला सगळे ‘सर’ म्हणत. केस रंगवलेले, अत्तर भरपूर, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर स्वतःचेच सत्कार. मयताबद्दल बोलताना तो एकदाही ‘मुलगा’ म्हणाला नाही. ‘नमुना’ म्हणाला. नमुना माझ्यासमोर बसला होता, पण ते मी बोलले नाही.

“आमचे नियम कडक आहेत, डॉक्टर,” सर म्हणाला. “खेळाडूनं ‘बस’ म्हटलं की पट्टा थांबतो. एक पाऊलही जास्त नाही. ह्यानं ‘बस’ म्हटलं, त्याच क्षणी मी बटण दाबलं. तो उतरला, स्वतःच्या पायांनी बाकापर्यंत गेला, बसला आणि बसल्याबसल्या कोसळला.”

“ऐकलं कुणी?”

“पडद्याआड रक्ताच्या नळ्या भरत होती ती बाई. तिनंही ‘बस’ ऐकलं. विचारा खुशाल.”

मी म्हटलं, विचारीन. तेव्हा त्याला वाटलं, आता हुकमाचं पान टाकावं. त्यानं एक कागद माझ्यापुढे सरकवला, शिक्षक नापास पोरापुढे पेपर सरकवतो तसा.

“हे त्याचं ‘आधी’चं रक्त. म्हणजे पट्ट्यावर चढण्यापूर्वीचं, दुपारचं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की जे द्रव्य रक्तात उतरतं, ते ह्यात भरमसाट आहे. आणि तुम्हाला तर ठाऊकच आहे, हे द्रव्य लगेच वर येत नाही. दमल्यानंतर काही तास जावे लागतात.”

ते खरं होतं. मी मान हलवली.

“म्हणजेच सकाळी कुणीतरी त्याला जीव जाईस्तोवर पळवलं होतं. आमच्याकडे यायच्या आधी.” त्यानं चेहऱ्यावर दुःख आणलं. जमलं नाही. “वाईट वाटतं हो बोलायला. पण त्याला पळवणारं माणूस जगात एकच आहे. त्याची सख्खी बहीण.”

३

बहीण मैदानाच्या कडेला पायरीवर बसली होती. गळ्यात शिट्टी, पायात बूट, डोळे कोरडे. आईवडील गेल्यावर तिनंच भावाला वाढवलं होतं आणि तिनंच पळायला शिकवलं होतं. मैदानावरची सगळी पोरं तिला ताई म्हणत.

“तो सकाळी माझ्याकडे पळालाच नाही, मॅडम,” ती म्हणाली. “चाचणीच्या दिवशी अंगाला त्रास द्यायचा नाही असं संस्थेनंच सांगितलेलं. मी त्याला उशिरापर्यंत झोपू देणार होते. पण उठून बघते तर हा बूट घालून तयार. म्हणाला, संस्थेत तालीम आहे.”

“तालीम? कसली?”

“मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांचा बक्षीस समारंभ आहे, तिथे खेळाडूंचं संचलन असतं. मला वाटलं त्याची तालीम. वर चिडवलंसुद्धा, नीट पाय टाक, नाहीतर पुढच्याच्या टाचेवर देशील.”

फौजदार माझ्या कानाशी लागला. सकाळी संस्था बंद होती, असं सर म्हणतो. शिपायालासुद्धा सुट्टी होती. म्हणजे पोरगी थापा मारतेय. दोन दिवसांत दुसरं काही हाती लागलं नाही तर निष्काळजीपणानं मृत्यू, बहिणीवर गुन्हा.

तिनं ते ऐकलं असावं. “गुन्ह्याचं काय ते होईल,” ती म्हणाली. “मॅडम, मला एक सांगाल का? गेल्या आठवड्यात मी त्याला खूप पळवलं होतं. उताराला पळवलं, चढाला पळवलं. तो कुरकुरत होता तरी पळवलं. तेवढ्यानं... त्यामुळे झालं का? मी मारलं का त्याला?”

मला हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायला पुरावा नव्हता. खोटा धीर मी देत नाही. “शोधते,” एवढंच म्हणाले. ती मान खाली घालून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. तिला अटक झाली असती तरी ती हूं की चूं करणार नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. त्या पोरीनं मनातल्या मनात स्वतःला शिक्षा ठोठावून टाकली होती.

तिथून मी पेयवाल्याकडे गेले. कंपनीचा माणूस, संस्थेतच एक खोली अडवून बसलेला. खोलीभर खोके आणि गोड वास, तोही असा की जिभेवर साय बसल्यासारखं वाटावं. त्यानं मला हसून बाटली देऊ केली. पोरगा मेल्याला चोवीस तास झाले नव्हते.

“सगळं पारदर्शक आहे, मॅडम,” तो म्हणाला. “कुणाला पेय, कुणाला पाणी, मला माहीत नाही, सरांना माहीत नाही. बाटल्या जुळ्या भावांसारख्या.”

“ह्या मुलाच्या हृदयानं दगा दिला. तुमच्या पेयाला बोलणी खावी लागणार.”

“छे, छे! अहो, आमचं पेय घेऊनसुद्धा तो वाचला नाही, म्हणजे बहिणीनं त्याला केवढा दमवला असेल, विचार करा!”

मी विचार केला. मग बाटली तशीच त्याच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. त्याला काहीच माहीत नव्हतं, तर टोळच्या वाट्याला पेय आलं होतं हे त्याला कुणी सांगितलं?

४

रक्त काढणाऱ्या बाईला खेळाडू ‘सुईबाई’ म्हणत. ती मला तिच्या पडद्याआड भेटली. पडदा कसला, प्लायवुडची पातळ भिंत. पलीकडे धावपट्टा. मी तिला तो चालू करायला लावला तर पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखा आवाज.

“मी खोटं सांगत नाही हो, बाई,” ती आधीच रडवेली झाली होती. “‘बस’ मी ह्या कानांनी ऐकलं. स्पष्ट.”

“आवाज टोळचा होता?”

“मग दुसरा कुणाचा असणार? खेळाडूच म्हणतो ना ‘बस’.”

“पळताना त्याच्या तोंडात काय होतं?”

तिनं मला भिंतीपलीकडे नेऊन पट्ट्याशेजारच्या खुंटीकडे बोट केलं. तिथे श्वास मोजायची जाड नळी लटकत होती. तिच्या टोकाचं काळं रबर दातांत धरायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि नाकाला चिमटा लावायचा. म्हणजे आतबाहेर होणारी सगळी हवा नळीतूनच जाते. रबराची एक कड फाटली होती.

मी ती नळी हातात घेऊन सुईबाईला दिली. “धर दातांत. नाकाला चिमटा लाव. आता म्हण ‘बस’.”

तिनं प्रयत्न केला. ‘हं’ झालं. पुन्हा केला. ‘म्हं’ झालं. नळी तोंडातून काढून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“बोलायच्या आधी त्यानं नळी काढली असेल,” दारातून फौजदार म्हणाला. त्यालाही आता प्रकरण पुरेसं साधं वाटत नसावं.

“काढली असती तर ओठ फाटला नसता,” मी म्हणाले. “तो पालथा पडला तेव्हा रबर त्याच्या तोंडातच होतं. रबर ओठात घुसलं, कणही सापडलाय. स्वतःच्या पायांनी तो बाकापर्यंत गेलाच नाही. पट्टा चालू असताना पट्ट्यावरच पडला.” मग मी सुईबाईकडे वळले. “नीट आठव. ‘बस’ किती वेळा ऐकलंस?”

“तीन... चार वेळा असेल.”

“एका ‘बस’ला पट्टा थांबतो ना? मग चार कशाला लागले?”

 पट्टा घरघरत होता. मी फौजदाराला तो बंद करायला सांगितला.

“आजूबाजूचे शब्द आवाजात गेले असतील,” मी म्हणाले. “पण एखादा तरी कानावर पडला असेलच. ‘बस’च्या पुढे काय होतं?”

सुईबाईनं डोळे मिटले. मग तोंडावर हात ठेवला.

“‘बस, झालंच,’” ती म्हणाली. “‘बस, थोडंच राहिलं... बस, एवढंच...’ अगं आई गं. आवाज सरांचा होता!”

५

आपल्या भाषेत ‘बस’ म्हणजे पुरे. आपल्याच भाषेत ‘बस, एवढंच’ म्हणून आपण समोरच्याकडून आणखी थोडं उकळतो. लहान मुलाला शेवटचा घास भरवताना, गिऱ्हाइकाला गळ घालताना. संस्थेनं थांबण्यासाठी नेमका तो शब्द निवडला आणि ज्याचं तोंड बंद केलं होतं त्यानं तो म्हणायचा असा नियम केला. मूर्खपणा म्हणायचा की धूर्तपणा, हे मी आधी ठरवू शकत नव्हते. संस्थेच्या शीतकपाटातलं रक्त तपासून झाल्यावर ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत सगळे जमले. सर, पेयवाला, सुईबाई, ताई आणि फौजदार. ताईला सरांनी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. मी माझी दिली.

“बहिणीनं सकाळी भावाला दमवलं, कारण त्याचं ‘आधी’चं रक्त बिघडलेलं आहे. हेच ना तुमचं म्हणणं?” मी विचारलं.

“विज्ञानाचं म्हणणं,” सर म्हणाला.

“मग मीही विज्ञानालाच विचारलं. काल फौजदारांनी शीतकपाटातलं सगळ्याच खेळाडूंचं ‘आधी’चं रक्त उचललं. तुमच्या अभ्यासातल्या एकूण एक पोरापोरींचं. आमच्या प्रयोगशाळेनं तपासलं. अर्ध्यांचं रक्त स्वच्छ आहे. अर्ध्यांचं ह्या मुलासारखंच, हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं. कुणी सायकल चालवणारा, कुणी होडी वल्हवणारी, कुणी पोहणारा. ताईनं ह्यातल्या एकालाच शिकवलेलं आहे. मग बाकीच्यांना सकाळी कुणी दमवलं?”

 पेयवाला कपाळ पुसू लागला. चोराच्या मनात चांदणं.

“काल मी होडीवालीला गाठलं,” मी पुढे म्हणाले. “ती म्हणाली, चाचणीच्या दिवशी सकाळी सर एकटे असतात. शिपायाला सुट्टी, सुईबाई दुपारी येते. सर आधी बाटली देतात, मग दमेपर्यंत पळवतात, मग सोनोग्राफी करतात. म्हणतात, ही नुसती रंगीत तालीम, खरी चाचणी दुपारी. आणि कुठे बोलायचं नाही, नाहीतर संघातली जागा गेली म्हणून समज.”

ताईनं मान वर केली. “तालीम,” ती पुटपुटली.

“पण दोनदा पळवायचं कशासाठी?” फौजदारानं विचारलं.

“पेय कुचकामी होतं म्हणून. जो ते प्यायला त्याचंही हृदय पळाल्यावर ढिलं पडत होतं, त्याच्याही अंगात गंज चढत होता. मग सरांनी डोकं चालवलं. ‘नंतर’चा आकडा सुधारता येत नाही ना, मग ‘आधी’चाच बिघडवून ठेवू. पोराला सकाळीच पिळून काढायचं. दुपारी ढिल्या पडलेल्या हृदयाची सोनोग्राफी करायची आणि तिला ‘आधी’ म्हणायचं. पुन्हा पळवायचं, पुन्हा मोजायचं. आधीही वाईट, नंतरही वाईट, म्हणजे फरक शून्य. बघा, आमच्या पेयानं हृदय जसंच्या तसं राखलं! पाणी पिणाऱ्यांना मात्र एकदाच पळवायचं. त्यांचा आकडा आपोआप घसरलेला दिसणार.”

“पण पाणी कुणाला आणि पेय कुणाला, हे तर कुणालाच...” फौजदार बोलता बोलता थांबला आणि पेयवाल्याकडे वळला.

“काल हेच मला म्हणाले, ‘आमचं पेय घेऊनसुद्धा’,” मी म्हणाले. “जे कुणालाच माहीत नसतं ते ह्यांना माहीत होतं. बाटल्यांवर खूण कोण करत होतं, ते हेच सांगतील.”

पेयवाल्यानं सांगितलंच. झाकणावर ओरखडा असायचा, असं म्हणाला. सरांनीच तसा करायला लावला होता, असंही म्हणाला. बुडत्या होडीतून उंदीर इतक्या लगबगीनं उतरत नसतील.

सर अजून खुर्चीतच होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हाच. बहिणीच्या गळ्यात दोष अडकवायला त्यानं जगातला सर्वांत हुशार पुरावा निवडला, आणि तो पुरावा तयार करणारे हात त्याचेच होते.

“सोनोग्राफी वाचता येणारे इथे तुम्ही एकटेच,” मी त्याला म्हणाले. “दुपारी तो पुन्हा पट्ट्यावर चढला तेव्हा त्याचं हृदय कसं झालंय, हे जगात फक्त तुम्हाला माहीत होतं. त्यालासुद्धा नव्हतं. आणि पळताना त्याच्या तोंडात नळी होती. थांबवा म्हणायला त्याला एकच मार्ग होता. त्यानं हात वर केला असेल.”

मला ते माहीत नव्हतं. मी अंधारात दगड मारला होता.

“हात काय, हात सगळेच वर करतात!” सर उसळून म्हणाला. “पहिल्या दहा मिनिटांत करतात! प्रत्येक हाताला पट्टा थांबवत बसलो तर संशोधन व्हायचं कधी?”

मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं लगेच सारवासारव सुरू केली. संमतीपत्र पुढे केलं, कंपनीचा दबाव पुढे केला, स्वतःचा रक्तदाबसुद्धा पुढे केला. पोरगा थांबण्यासाठी हात वर करत होता आणि हा जबाबदारीतून हात वर करत होता. मी मेलेल्यांची आतडी हातात घेतलेली बाई आहे, पण त्या खोलीत मला श्वास घ्यावासा वाटेना. मी खिडकी उघडली. फौजदारानं त्याला उठवून नेलं तेव्हा मला बरं वाटलं असं नाही. अत्तराचा वास तेवढा कमी झाला.

६

ताई उठली नाही. तिच्यावरचा आळ गेला होता, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं. गेल्या आठवड्यातल्या चढउतारांनी काही झालेलं नाही, हेही सांगितलं. आता ते पुराव्यानिशी सांगता येत होतं. तरुण धडधाकट हृदय रात्रभराच्या विश्रांतीनंतर सावरतं. त्याला एका दिवसात दोनदा मारावं लागतं.

तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

“मॅडम, त्यानं खरंच हात वर केला होता?”

“केला होता. आत्ता सरच बोलला ना.”

“नक्की?”

“नक्की.”

 मला वाटलं आता रडेल. आणि रडलीच, पण मला वाटलं होतं तशी नाही.

“लहान असताना एकदा त्यानं शर्यतीत हात वर केला होता,” ती म्हणाली. “पोटात दुखत होतं त्याच्या. मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. म्हटलं, मेलास तरी चालेल, पण हात वर करायचा नाही. त्यानंतर कधीच केला नाही त्यानं. कधीच नाही. दोन दिवस मला एकच भीती वाटत होती, की तिथे त्या पट्ट्यावर तो माझं ऐकत राहिला असेल.”

तिनं चेहरा पुसला.

“नाही ऐकलं त्यानं माझं,” ती म्हणाली. “शहाणं पोर.”